रोज एक पुडी

वडील वेंगुर्ल्यात मासेमारीच्या होडीवर तांडेल होते. उभा जन्म सुकाणूपाशी, उघड्या आभाळाखाली. गुडघे दुखतात म्हणून रक्त तपासलं, तर ‘ड’ जीवनसत्त्व कमी. डॉक्टरांनी त्याच्या पावडरीच्या पुड्या लिहून दिल्या.

“सगळो जल्म उनात गेलो माझो,” ते म्हणाले. “आता ऊन पुडयेतसून घेवचा?”

मी ओरोसला सरकारी कारकून. कागदावर छापलंय ते खरंच, अशी माझी श्रद्धा. वाद मी जिंकलो. आठवड्याला एक पुडी, दुधातून.

दुर्दैवाने गुण आला. ते पुन्हा जेटीपर्यंत चालायला लागले आणि माझ्याहून कट्टर झाले. डॉक्टरांनी दिलेल्या पुड्या संपल्यावर दुकानातून स्वतःच आणू लागले.

मग तहान सुरू झाली. पोट साफ होईना, जेवण नकोसं झालं. तांडेलाला मासळीचा वास सहन होईना. मी ओरोसहून फोनवर दर वेळी एकच विचारायचो, “बाबा, पुडी घेतास मां?”

एका रविवारी घरी गेलो, तर त्यांनी मला हात जोडले. “साहेब, अर्ज कुठे द्यायचा?”

शुद्ध मराठीत. ही भाषा त्यांनी कचेरीतल्या माणसांसाठी राखून ठेवलेली. घरात कधी बोलले नव्हते. मी तडक रिक्षा बोलावली.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, “औषधं कोणती चालू आहेत?”

“औषध काय एक नाय,” आई म्हणाली. “ती पावडर तेवढी. रोज.”

“रोज?”

“आठवड्याक एक घेवन इतको गुण, तर रोज घेतल्यार किती, म्हणतत.”

रक्तातलं कॅल्शियम भलतंच चढलं होतं, मूत्रपिंडांना इजा झाली होती. सलाईन लावलं. पुडी बंद, दूध बंद आणि बाई म्हणाल्या, “काही दिवस उन्हात बसू देऊ नका.”

पाचव्या दिवशी ते माझ्याकडे बघत म्हणाले, “तुका काय कामधंदो नाय? हंय कित्याक बसलंस?” इतकी गोड बोलणी मी आजवर खाल्ली नव्हती.

मूत्रपिंडं सावरली, पण पुरती नाहीत. घरी आल्यावर मी कबूल केलं, “चूक माझी. मीच मागे लागलंय.”

“तू आठवड्याक सांगललंस. रोज मी घेतलंय,” ते शांतपणे म्हणाले.

मला भरून आलं. दुसऱ्या दिवशी जेटीवर गेलो, तर ते माझ्याकडे बोट दाखवून चारचौघांना सांगत होते, “झीलान पुडयो चारल्यान माका. मरतलंय होतंय!”