बसलेला बैल

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, आमच्या बडनेऱ्याच्या कॉलनीत पोरांचे लाकडी बैल चाकांवर धावतात. अकोल्याहून आलेल्या माझ्या पाच वर्षांच्या भाचीनं मात्र मिक्सरच्या खोक्याचा बैल केला. शेपटी कूलरमधल्या वाळ्याची, शिंगं माझ्या पायमोज्यांची, आणि पाय पोटाखाली मुडपलेले.

मी उत्साहानं चाकं आणली. तिनं ती बाजूला सारली.

"मामा, तो थकून बसला हाये. त्याले कायले चालवतं?"

"अवं, सगळ्यायचे बैल चालतात!"

"त्यायले इचारलं काय तू?"

खरंच, कोणत्याच बैलाला मी विचारलं नव्हतं.

मैदानातल्या स्पर्धेला निवृत्त हेडमास्तर परीक्षक. त्यांनी चष्म्यावरून खोकं न्याहाळलं. "बेटा, तोरणाखालून बैल ओढत न्यावा लागतो. हा बसलेला चालणार नाही. नियम म्हणजे नियम."

मी भाषणासाठी घसा खाकरला, पण भाची माझ्याभोवती फेरी मारू लागली, बैलबाजारातल्या गिऱ्हाइकासारखी. माझी पाठ थोपटली. मग घरी धावली आणि गॅस सिलिंडरची चाकांची ट्रॉली, दोर आणि आईची ओढणी घेऊन आली. ट्रॉलीवर बैल बसवला.

"वाक, मामा."

"काहून?"

"आज बैल बसन अन् तू ओढशीन."

पाठीवर ओढणीची झूल, खांद्यावर दोर. मी हंबरलो, जमीन उकरली, हेडमास्तरांच्या चपलांपाशी मुद्दाम अडून बसलो. पोरं हसून लोळायला लागली. तेवढ्यात एक ओरडलं, "बाबा, तुमी बी वाका!"

झालं! भराभर बाप वाकले. खेळण्यातल्या ट्रकांवर लाकडी बैल चढले. आणि हेडमास्तरांच्या नातवानं आजोबांच्या गळ्यातलं उपरणं धरून हळूच ओढलं. नियम कुठे मोडला होता? बैल ओढतच तर नेत होतो. मास्तर वाकले. भाची सर्वांत पुढे, मान ताठ, आणि तिचा बैल तोरणाखालून बसल्या बसल्या गेला.

घरी आल्यावर तिनं वाटीत हळद-तूप आणलं. पोळ्याच्या आदल्या दिवशी गावाकडे बैलांचे खांदे असेच चोळून त्यांना जेवणाचं आवतन देतात, ते तिनं पाहिलं होतं. माझे खांदे चोळून ती कानात म्हणाली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

"उद्या? अन् आजची पुरणपोळी?"

तिनं बोट दाखवलं. माझं ताट खोक्याच्या बैलापुढे मांडलेलं होतं.