गोठ्यातला उंबरा

आमच्या घराला दार होतं, पण उंबरा नव्हता. उंबरा होता गोठ्यात, चौकटीसकट, भिंतीला टेकवून ठेवलेला. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचेच उंबरे गोठ्यात असतात.

धरणाचं पाणी गावात शिरलं तेव्हा मी आईच्या पोटात होते. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, राहतं घर उतरवलं, वासे आणि चौकट बैलगाडीत घातली आणि जेऊरच्या बाजूला माळावर आखून दिलेल्या प्लॉटवर पत्र्याचा आडोसा केला. चौकट सागवानी, वरच्या पट्टीवर कोरलेला गणपती. ती मात्र बसवली नाही. बुडालेल्या रानाच्या बदल्यात माळशिरसकडे कालव्याखालची जमीन मिळणार होती. "तितं पक्कं घर बांधू, तवा बसवू," अण्णा म्हणाले. ती जमीन अजून मिळायचीच आहे. पत्र्याच्या जागी विटा आल्या, वर स्लॅब पडला, तरी अण्णांच्या तोंडी 'घर' आलं नाही. शेतातून निघताना, लग्नाहून परतताना ते म्हणायचे, "चला मुक्कामावर." नातवंडं झाली तरी ह्यांचा मुक्काम काही हलेना.

आई ह्याच उंबऱ्यावरचं माप ओलांडून नवरी म्हणून आत आली होती. रोज सकाळी शेणघाण झाली की ती गोठ्यातला उंबरा ओल्या फडक्यानं पुसायची, हळदकुंकू वाहायची, पुढ्यात चार रेघांची रांगोळी काढायची. चौकटीच्या पलीकडे नुसती भिंत. शेळी नेमकी रांगोळीत बसायची आणि आई तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची.

अधूनमधून तिचं तेच मागणं निघायचं.

"आवं, बसवा की ती चौकट. वाळवी लागंल तिला."

"तिकडं जायचंय न्हवं आपल्याला?"

"कवा?"

ह्या प्रश्नावर अण्णा टोपी उचलून बाहेर पडायचे. चौकट एकदा भिंतीत बसली की आपण इथलेच झालो, मग जमीन कोण देतंय, अशी त्यांची धास्ती होती. ती अगदीच खुळी नव्हती, पण तिचा भार सगळा आईवर होता. धाकट्या भावाच्या लग्नात तिनं हट्ट धरला, सून तरी ह्या उंबऱ्यावरून येऊ दे. अण्णा बधले नाहीत. वहिनी लोखंडी दारातून आली. दुसऱ्या दिवशी आई तिला गोठ्यात घेऊन गेली आणि म्हणाली, "हे आपलं दार. लक्षात ठेव."

उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुन्या गावच्या देवळाचा कळस वर येतो. हल्ली शहरातली माणसं गाड्या घेऊन त्याचे फोटो काढायला येतात, पोरांना कणसं खाऊ घालतात. आमचं गाव बुडालं ते ह्यांच्या सहलीसाठीच की काय, असं ओठांवर यायचं माझ्या. अण्णा चिखल तुडवत आमच्या जोत्यावर जाऊन उभे राहायचे, चूल कुठं होती ते दाखवायचे. आई एकदाही गेली नाही. "दार हितं हाय. तितं जाऊन मी काय करू?"

मग तिच्यावरून वारं गेलं आणि उजवी बाजू पडली. उंबऱ्याची पूजा वहिनी करू लागली. मी सोलापूरहून भेटायला गेले की आई माझा हात धरायची. बोलणं जड झालं होतं, पण हे स्पष्ट बोलायची. "तुज्या अण्णास्नी सांग की. मला त्या दारातनं एकदा आत येऊ दे." मी सांगितलं. विनवलं, भांडलेही. अण्णा खाली बघत म्हणाले, "औंदा हुईल जमिनीचं. मग थाटात आणू तिला."

ती थंडीत गेली.

अंगणात तिरडी बांधून झाली, भावानं मडकं हातात घेतलं, माणसं खांदा द्यायला वाकली. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "थांबा." ते गोठ्यात शिरले आणि आतून भावकीतल्या चौघांना हाका मारल्या. चौघांनी चौकट उचलून आणली. अण्णांनी ती अंगणाच्या मधोमध उभी करायला लावली. दोघं इकडून धरून, दोघं तिकडून.

"असं कुटं असतंय व्हय?" एक म्हातारे चुलते म्हणाले.

"ह्या उंबऱ्यातनं आत आली ती," अण्णा म्हणाले. "ह्याच उंबऱ्यातनं जाऊ द्या."

पुढं भाऊ होता. त्या चौकटीतून तो जन्मात कधी गेला नव्हता, तरी वरच्या पट्टीखाली आपसूक वाकला. मागून आईला नेलं. दोन्ही बाजूंना सगळं अंगण मोकळं होतं, पण कुणी बाजूनं गेलं नाही. सगळे एकामागून एक वाकून गेले. आम्ही बायका अलीकडे राहिलो. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. चार माणसं लागली. एवढ्या वर्षांत ती चार माणसं वाडीत नव्हती असं नाही.

तेराव्यानंतर अण्णांनी स्वतः गवंडी आणला. लोखंडी दार निघालं, चौकट बसली. एका कोपऱ्यात वाळवी लागली होती, तिथं गवंड्यानं सिमेंट भरलं. माझ्या तोंडात आलं होतं, आता कुणासाठी?

दुसऱ्या दिवशी सकाळी मला जाग आली तर दार सताड उघडं. अण्णा उंबऱ्यापुढं उकिडवे बसलेले. उंबरा त्यांनी धुतला होता. शेजारी आईचे दोन करंडे होते. हात करंड्यांवरच थांबलेला.

माझी चाहूल लागली तेव्हा मागं न बघता त्यांनी विचारलं, "आदी हळद लावत हुती का कुंकू?"

"हळद," मी म्हणाले.

"मी कदी बघितलंच न्हाय गं," अण्णा म्हणाले, आणि त्यांनी हळदीत बोट बुडवलं.