पलीकडच्या विहिरीची ओळ

परभणीच्या कॉलेजात सरांनी शिकवलं, की वाफेचं इंजिन येण्याआधी माणसं बैल, घोडे, वारा यांच्या जोरावर कामं करीत. सगळं भूतकाळात. त्याच वेळी घरी दादा, म्हणजे माझे वडील, विहिरीवर बैलांची मोट हाकत असतील असं माझ्या मनात येत होतं. वर्गात हे सांगण्याजोगं कुणी नव्हतं.

जानेवारीत निरोप आला, दादा तापानं पडलेत, घसा बसलाय. गहू ओंब्यांवर होता. आता पाणी चुकलं तर दाणा भरणार नव्हता, आणि जवारी आधीच गेलेली. वर्षभर खायला एवढंच. पालमला एस.टी.तून उतरून मी चालत शेतावर गेलो. आई गव्हात दारं धरायला, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी वळवायला, उभी राहिली. दादा विहिरीजवळ बाजेवर घोंगडी घेऊन पडले.

शाळेसाठी मी लहानपणीच घराबाहेर पडलो, त्यामुळं मोट माझ्या हाती कधी आली नव्हती. दादा मोटेवर गायचे एवढं ठाऊक होतं. मीही लाजत लाजत गाऊ लागलो. बैल उतारावरून खाली गेले, भरलेली मोट वर आली, पाणी पाटाला लागलं. पण रिकामी मोट परत विहिरीत सोडायची तर बैलांनी मागं सरायला हवं, आणि ते जागचे हलेनात. मी कासरा ओढला, आणखी मोठ्यानं गायलो. तरी नाहीच.

दादांनी हातानं बोलावलं. आवाज जेमतेम फुटत होता.

"लय गाऊ नको. एक ओळ म्हण अन् गप राहा."

"गप कशाला?"

"दुसरी ओळ पलीकडच्या विहिरीवरून यायची. ती ऐकत बैल मागं सरायचे. आता तितं कुणी म्हणत न्हाई. पर गप राहिलं की सरतेत."

पलीकडच्या विहिरीवर आता डिझेल इंजिन ठकठकत होतं. ते चालू करून, पूर्वी तिथं मोट हाकणारे शेजारचे काका केव्हाच गावात निघून गेले होते. मी एक ओळ म्हटली आणि थांबलो. बैलांनी कान हलवले, मग एकेक पाय मागं घेत वर आले.

दिवस मावळेपर्यंत गहू भिजला. बैल सोडताना मी दादांना ती दुसरी ओळ विचारली.

"मला कुठं ठाव हाय," ते म्हणाले. "ती त्याची होती."

त्या साली गहू चांगला भरला. पुढचं पाणी दादांनीच दिलं म्हणे. मी तेव्हा परभणीत, खोलीवर होतो.