साडूचं फर्मवेअर

माणसानं शेजाऱ्यावर जळावं, भावकीवर जळावं, पण साडूवर जळू नये. शेजारी बदलता येतो, भावकीशी बोलणं टाकता येतं. साडूचं तसं नसतं. तो दर कार्याला सासुरवाडीच्या बैठकीत आपल्याच मांडीला मांडी लावून बसतो, आणि सासू दोघांना एकाच ताटलीतून चहा आणते. मग कोणाचा कप जरा जास्त भरलाय हे दिसल्याशिवाय कसं राहील? पडेगावच्या राजेंद्रला तर ते लांबूनच दिसायचं.

राजेंद्र लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचा. माणूस कामाचा होता, कॅमेऱ्यावर हात चांगला होता, बोलायला गोड होता. दुखणं एकच. त्याच्या बायकोच्या, रूपालीच्या, धाकट्या बहिणीचा नवरा बुद्धभूषण वैजापूरला सरकारी कचेरीत कारकून होता. झालं! पिशोरच्या सासुरवाडीत पाहुणे आले की सासूबाई मनकर्णाबाई आधी त्याची ओळख करून द्यायच्या. "हे धाकले जावाई, सरकारी नोकरीत हायेत." मग थोडं थांबून, "आन् हे थोरले." थोरले म्हणजे काय करतात, ते पाहुण्यांनी विचारायचं. बहुतेक कोणी विचारत नसे.

बुद्धभूषणनं एक लॅपटॉप घेतला. पुढच्याच आठवड्यात राजेंद्रनं त्याच दुकानातून, त्याच कंपनीचा, तेच मॉडेल, तोच काळा रंग, अगदी तीच पिशवी घेऊन आणला. घरचा जुना कॉम्प्युटर ठणठणीत चालत होता. रूपाली म्हणाली, "उद्या भाऊजींचा दात पडला, तर तुमी बी पाडून घ्यायचे व्हय?" राजेंद्र म्हणाला, "धंद्याला लागतो."

हे सगळं जुनं झालं. खरी गोष्ट आहे ती सासऱ्यांच्या डिस्कची.

सासरे सखाराममामा गायन पार्टीचे गायक. पिशोरपासून कन्नडपर्यंत कुठंही जयंती असो, त्यांची पार्टी ठरलेली. एका जयंतीला राजेंद्रनं त्यांचा अख्खा कार्यक्रम शूट केला, कापून-जोडून त्याची डीव्हीडी केली. मामांचं गाणं जगात तेवढंच शिल्लक होतं, कारण गेल्या वर्षी मामा गेले. तेव्हापासून मनकर्णाबाई रोज संध्याकाळी वंदना झाली की जुन्या प्लेअरमध्ये ती डिस्क घालायच्या. वर्षभरात डिस्कवर इतके ओरखडे पडले, की मधल्या गाण्यात ती अडकू लागली.

"आवाज मधीच तुटतो हो," त्या दोन्ही जावयांसमोर म्हणाल्या. "माणूस बोलता बोलता गेल्यावानी वाटतं. वर्षाचं पुण्यानुमोदन आलंय, तवर एक नवीन करून द्या. पार्टीतल्या म्हाताऱ्यांना बी एकएक द्या. त्यांच्याकडं बी असलंच डबडं हाय."

बुद्धभूषण लगेच म्हणाला, "मी करतो की मामी. माझ्या लॅपटॉपात..."

"हा माझा धंदा हाय," राजेंद्रनं त्याचं बोलणं मध्येच तोडलं. "मी देतो. माझ्या हातानं देतो."

शब्द गेला. मामांचं मूळ शूटिंग ज्या हार्डडिस्कवर होतं ती कधीच मेली होती, पण राजेंद्रच्या कपाटात स्वतःसाठी ठेवलेली एक चांगली डीव्हीडी होती. तिच्यावरून प्रती काढायच्या, बस. त्यात काय अवघड?

अवघड असं की जुना कॉम्प्युटर विकून टाकलेला, आणि लॅपटॉपचा रायटर डिस्क लिहीचना. आजकाल लग्नवाले पेनड्राइव्ह मागतात, त्यामुळं रायटर बरेच दिवस पडून होता. बाजारातही जुन्या कंपनीच्या डिस्क मिळेनात. पैठण गेटला शोधून शोधून एक नवीनच कंपनी सापडली. तिची डिस्क घातली की रायटर घरघर करायचा, शेवटाला यायचा आणि एरर देऊन ती तोंडावर फेकायचा. नाचता येईना अंगण वाकडं! राजेंद्रनं आधी डिस्कला शिव्या दिल्या, मग विंडोजला, मग पडेगावच्या विजेला.

तेवढ्यात रूपाली बहिणीशी फोनवर बोलून आली. "मेघा म्हणती, त्यांच्याबी लॅपटॉपाला हेच झालतं. भाऊजींनी फर्मवेअर का काय ते नवीन टाकलं. आता लोण्यावानी चालतंय म्हणं."

लोण्यावानी! तेच मॉडेल, तोच रंग, आणि ह्याचा चालतो! यंत्रालासुद्धा सरकारी नोकरी कळते की काय?

फर्मवेअर म्हणजे रायटरच्या पोटातली अक्कल. कोणत्या कंपनीच्या डिस्कवर लेझर किती जोरानं मारायचा, ते तिच्यात भरलेलं असतं. नवीन डिस्क आली की जुनी अक्कल गोंधळते. हे सगळं राजेंद्रनं इंटरनेटवर वाचून काढलं आणि शोधायला बसला. कंपनीच्या साइटवर त्याच्या मॉडेलचं पान सापडलं. तिथं आवाजाचा ड्रायव्हर होता, वायफायचा होता, रायटरच्या नावानं मात्र ठणठण गोपाळ. मग भलत्या साइट लागल्या. सगळीकडं एक भलं मोठं हिरवं बटण. ते दाबलं की लॅपटॉपात पत्त्यांचे डाव आले, हवामान आलं, आणि एक कुणीतरी आलं जे तांबड्या अक्षरात ओरडू लागलं, की तुमचे झाडून सगळे ड्रायव्हर जुने झाले, पैसे भरा. ते काढता काढता राजेंद्रला घाम फुटला. शेवटी कुठंतरी वाचायला मिळालं, की डीव्हीडी रायटरचा ड्रायव्हर विंडोजमध्येच असतो, तो वेगळा आणायचा नसतो. म्हणजे इतका वेळ हा बाबा ज्याच्या मागं धावत होता, ती वस्तू घरातच होती!

उरलं फर्मवेअर. आणि ते होतं वैजापुरात.

"मेघाकडून ती फाईल मागव," तो रूपालीला म्हणाला. "माझं नाव नको घेऊ."

"मग काय सांगू? मी स्वयंपाकघरात फर्मवेअर टाकणार हाय म्हणून?"

तिनं सरळ नवऱ्याचं नाव घेतलं. फाईल आली. सोबत बुद्धभूषणचा आवाजी निरोपही आला. रूपालीनं तो मोठ्यानं लावला. "भाऊंना सांगा, आधी रायटरचं नाव बघा. लॅपटॉप सारखा असला तरी आतला रायटर दुसऱ्या कंपनीचा असू शकतो. नाव जुळलं तरच टाका. आन् डिस्क बाहेर काढून ठेवा."

दुसरा कोणी असता तर नाव बघितलं असतं. बघायला वेळ तो किती लागतो? पण राजेंद्रच्या कानात निरोप शिरला तो असा: तुझं आणि माझं सारखं नाही. लॅपटॉप सारखा घेतलास म्हणून बरोबरीचा झालास का? त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"त्याला वाटतंय माझा नीट होऊ नये," तो म्हणाला.

"मग त्यानं फाईल कशाला धाडली असती?" रूपाली म्हणाली.

राजेंद्रनं फाईल चालवली. तिनं स्वच्छ सांगितलं, हा रायटर माझा नाही. शहाण्यानं तिथं थांबावं. पण ह्यानं एका फोरमवरून ते बळजबरीनं घालायची युक्ती शोधली. 'तुमच्या जबाबदारीवर' असं तिथं लिहिलेलं होतं. जबाबदारी काय, साडूपुढं हात पसरण्यापेक्षा बरी! त्यानं बटण दाबलं. पट्टी सरकत सरकत शेवटाला गेली. लॅपटॉप बंद करून चालू केला. रायटरचा दिवा लागला तो लागलाच, विझेना. ट्रे उघडेना. विंडोजला रायटर दिसेना. घरात होता नव्हता तोही गेला.

आणि मग त्याला आठवलं, की रायटर निदान वाचतो तरी का ते बघायला घातलेली मामांची ती एकुलती एक चांगली डीव्हीडी आतच राहिलीय.

त्यानं ट्रेचं बटण पुन्हा पुन्हा दाबून बघितलं. रूपालीनं येऊन बघितलं आणि तिला न सांगताच सगळं कळलं. तिनं बांगडीला अडकवलेली सेफ्टी पिन काढून त्याच्यापुढं टाकली. "ट्रेच्या त्या बारीक भोकात घाला. काढा आधी माझ्या बापाला बाहेर."

राजेंद्रनं पिन सरळ केली. भोकात दाबल्यावर ट्रे कट्‌ करून पुढं आला. डिस्क धड होती. रूपालीनं ती पदरानं धरून उचलली, कपाटात ठेवली आणि तिथंच उभी राहून बहिणीला फोन लावला. "उद्या सकाळी कार्याला पिशोरला जाताना आमच्याकडून जा. लॅपटॉप आणा."

"मला विचारायचं तरी," राजेंद्र म्हणाला.

"तुमच्या जळण्यापायी माझ्या बापाचा आवाज घालवू का?" ती म्हणाली.

सकाळी बुद्धभूषण आला. मेलेला रायटर बघून तो 'मी सांगितलं होतं' म्हणेल, निदान हसेल, याची राजेंद्रनं रात्रभर तयारी करून ठेवली होती. उलट टोला देण्यासाठी दोन वाक्यंही पाठ होती. बुद्धभूषण म्हणाला, "व्हतं असं भाऊ. ह्या कंपन्या बी एकाच मॉडेलात दोन-दोन जातीचे रायटर घालतेत, आपण कुठवर बघायचं?" ती दोन वाक्यं वाया गेली. राजेंद्रला त्याचाही राग आला. सरकारी नोकरी दिली, चालणारा रायटर दिला, वर हा चांगुलपणाही ह्यालाच द्यायचा होता का?

त्याच डिस्क, त्याच कंपनीच्या, साडूच्या लॅपटॉपात एकामागून एक लोण्यावानी लिहून बाहेर आल्या. तपासायला म्हणून राजेंद्रनं एक लावली. मामा पडद्यावर आले, फेटा नीट केला, गाऊ लागले. शेजारी बसलेल्या बुद्धभूषणची बोटं मांडीवर ताल धरू लागली. ढोलकीवरची थाप आणि त्याच्या मांडीवरची थाप एकच होती. कशी नसेल? त्या दिवशी ढोलकीवर तोच होता, मामांच्या डाव्या हाताला, अगदी खेटून.

पण व्हिडिओत तो नव्हता. चांगला तासाभराचा कार्यक्रम, त्यात बुद्धभूषणचा चेहरा एकदाही नाही. पडद्याच्या कडेला कधीमधी ढोलकीचा तुकडा यायचा, कधी चार बोटं यायची आणि जायची. राजेंद्रनं तोंड फिरवून खिडकीबाहेर बघितलं. बुद्धभूषणची बोटं मांडीवर चालूच होती.

पिशोरला मांडव भरला होता. भंतेजींची वंदना झाली, जेवणं उरकली, आणि पार्टीतले म्हातारे टीव्हीसमोर सरकून बसले. डिस्क सासूच्या हातात देताना राजेंद्रला सांगावं लागलं, "भूषणरावांच्या रायटरवर केली." मनकर्णाबाईंनी ती कपाळाला लावली आणि प्लेअरमध्ये घातली.

मामा गाऊ लागले. पहिल्या कडव्याला त्यांनी डावा हात लांब केला, दुसऱ्याला पुन्हा. म्हातारे माना डोलवू लागले. "काय अदा होती सखारामची!" कोणीतरी म्हणालं.

"अदा नाय ती," मनकर्णाबाई म्हणाल्या. त्यांनी उठून टीव्हीच्या कडेला बोट ठेवलं. "मी वरीसभर रोज बघतीय. ते थोरल्या जावायाला खुणावतेत. कॅमेरा इकडं घ्या म्हणतेत, माझा धाकला वाजवतोय."

राजेंद्रनं मान खाली घातली. मग शेजारून बुद्धभूषण म्हणाला, "मामी, जागाच कुठं व्हती? मांडव लहान व्हता. भाऊंना कॅमेरा फिरवता येत नव्हता."

मांडव चांगला मोठा होता. हे त्या दोघांना पक्कं ठाऊक होतं. म्हणजे ह्याला पहिल्यापासून माहीत होतं, आणि इतकी वर्षं हा शेजारी बसून चहा पीत होता!

"मांडव लहान नव्हता," राजेंद्र म्हणाला. "मला ह्यांना घ्यायचंच नव्हतं."

रूपालीनं डोळे मिटले. मनकर्णाबाई मात्र शांत होत्या.

"ठाव हाय," त्या म्हणाल्या. "त्यांना बी ठाव व्हतं. त्या दिवशी घरी आल्यावर मला म्हणले, थोरला जळतो गं धाकल्यावर. पण कॅमेऱ्यावर हात काय हाय पोराचा! मी मेल्यावर बी तुला दिसंन, म्हणले."

सासुरवाडीत आपल्या हाताचं कोणीतरी कौतुक करावं, म्हणून राजेंद्रनं उभं आयुष्य वाट बघितली होती. ते कौतुक मामांनी केव्हाच करून ठेवलं होतं, आणि त्याच्या आधी जे म्हटलं होतं तेही खरं होतं. त्यानं उपरणं तोंडाला लावलं. बुद्धभूषणनं पाण्याचा तांब्या त्याच्याकडं सरकवला, आणि त्यानं तो घेतला.

"आता गप बसा समदे," मनकर्णाबाई म्हणाल्या. "मधलं गाणं आलं. आवाज तुटतो का ते ऐकू द्या."

सगळे कान देऊन बसले. आवाज तुटला नाही.