श्वासबाई आणि बाथरूमची कडी

पोहण्याच्या तलावावर सगळे तिला श्वासबाईच म्हणत. एका श्वासात खोल बुडी मारायला नव्याने शिकणाऱ्यांना ती श्वास रोखायला शिकवायची. आधी कोरड्या चटईवर आडवं व्हायचं. जबडा सैल, खांदे सैल, श्वास सावकाश, सोडताना लांब. पाण्यात एकट्याने कधीच नाही. शेजारी बसलेल्या जोडीदाराने खांद्यावर टिचकी मारली की एक बोट वर करायचं. बोट वर झालं नाही तर जोडीदाराने ओढून बाहेर काढायचं. इतकं सोपं!

सगळे शिकले. शिकला नाही तो तिचा सख्खा नवरा.

त्याचं कुलपं दुरुस्त करायचं दुकान. "बायकोला जमतं, मग मला न जमायला काय धाड भरलीय?" म्हणून हट्टाने वर्गात आला आणि तिच्या नाकी नऊ आणले. बुडीआधी नुसते भसाभसा श्वास!

"अहो, लोहाराचा भाता आहात का तुम्ही? असं केलं की श्वास घ्यावासाच वाटत नाही. तुम्हाला वाटतं, वा, जमलं! आणि तेवढ्यात शुद्ध जाते."

"कळलं गं."

कळलं कसलं डोंबल! पालथ्या घड्यावर पाणी. बरं, इतकं करून सगळ्यांत आधी हाच वर यायचा. एकदा शेजारची कॉलेजची मुलगी फिस्सकन हसली, ते त्याला फार लागलं.

घरीही तीच तऱ्हा. जगाची कुलपं दुरुस्त करायची आणि घरच्या बाथरूमची कडी लोंबकळत ठेवायची. किती वर्षं ती कानीकपाळी ओरडत होती, "अहो, तेवढे स्क्रू आवळा." उत्तर ठरलेलं, "उद्या बघतो."

रविवारी सकाळी ती भाजी चिरत होती. आत टब भरल्याचा आवाज आला. नळ बंद झाला. मग भसाभसा, भसाभसा. मग सगळं गप्प.

तिच्या हातातली सुरी गळून पडली. "अहो!" उत्तर नाही. तिने पुन्हा हाक मारली नाही, सरळ खांद्याने दाराला धडक दिली. कडी स्क्रूंसकट उखडून लांब जाऊन पडली.

तो पाण्याखाली होता. तिने खांद्यावर टिचकी मारली. बोट हललं नाही. काखेत हात घालून तिने त्याला वर ओढलं, गालावर चापट्या मारल्या. "श्वास घ्या! घ्या म्हणते ना!" ओठ निळे पडलेले. आणि मग त्याने घर्रकन श्वास घेतला. ती तिथेच ओल्या फरशीवर बसून हमसाहमशी रडली.

डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी तपासून घरी सोडलं. संध्याकाळी बघते तर हा हत्यारांची पेटी उघडून बाथरूमच्या दाराशी उकिडवा बसलेला.

"आता मात्र पक्की बसवतो कडी. तू कधीची म्हणतेयस."

तिने स्क्रूड्रायव्हर हिसकावून घेतला. "खबरदार हात लावलात तर! जन्मात हे एक काम केलं नाहीत, म्हणून आज समोर बसलाय. काही शिरतंय का डोक्यात? ऐकताय ना?"

खाली मान घालून त्याने एक बोट वर केलं.