आणखी एक फेरा

फाल्गुनात आमच्या वरवे गावात दुपारचं वारं सुटतं. मावळतीच्या डोंगराकडनं येतं. त्या वाऱ्याची वाट बघणारी माणसं आमच्याकडं दोन प्रकारची होती. ज्यांच्या खळ्यात मळलेली ज्वारी उफणायची राहिलेली असायची ते शेतकरी, आणि नसरापूरच्या बाजूच्या माळावर बिनइंजिनाची विमानं उडवायला येणारे पुण्याचे लोक. मी दोन्हीकडचा होतो. घरात धाकटा मुलगा, माळावर ती विमानं तारेनं वर ओढणारा विंचवाला. एका शनिवार-रविवारी दोन्हीकडं एकदम जाता येईना, आणि कुठं राहायचं ते मीच ठरवलं. मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं, हे आधीच सांगतो.

माझी शाळा चौथीपर्यंत. नातू म्हणाला, आजोबा तुम्ही सांगा, मी लिहितो. म्हणालो, माझं मी लिहीन. चुकलं तर वाचणारा समजून घेईल, नाहीतर नको वाचू दे.

गोष्ट सत्तरच्या आसपासची आहे. तेव्हा माझं लग्न झालेलं नव्हतं. आठवडाभर मी ट्रक चालवायचो आणि शनिवार-रविवार माळावर. विंच म्हणजे जुन्या ट्रकचं इंजिन आणि त्याला जोडलेला लोखंडी ढोल. ढोलावर लांबलचक तार. तारेचं टोक माळाच्या पार पलीकडं उभ्या असलेल्या ग्लायडरच्या पोटाखाली अडकवायचं. तिकडनं झेंडा हलला की मी रेस द्यायची. तार ढोलावर गुंडाळत यायची आणि ग्लायडर पतंगासारखं चढायचं. डोक्यावर आलं की वरचा माणूस तार सोडून द्यायचा आणि वाऱ्यावर डोंगराच्या कडेकडेनं फिरत राहायचा. रेस कमी पडली तर ग्लायडर खाली बसणार, जास्त झाली तर तार तुटणार. पुण्याची शिकलेली माणसं माझ्या पायाच्या भरवशावर आभाळात जायची. ती मला थट्टेनं ड्रायव्हरसाहेब म्हणायची आणि मी ते खरं धरून चालायचो.

त्या वर्षी घरी अडचण होती. वहिनी बाळंतपणाला माहेरी, हिर्डोशीला गेलेली. खळ्यात ज्वारी मळून पडलेली. उफणायला दोन माणसं लागतात. एक वावडीवर, म्हणजे तीन पायांच्या उंच तिवईवर उभा राहून पाटी वाऱ्यात ओततो, दुसरा खालनं पाट्या भरून देतो. आमच्याकडं रीत अशी की राशीला हात घरच्याच माणसाचा लागला पाहिजे. रीत सोडली तरी शेजारी कुठनं आणायचा? वारं लागलं की सगळा गाव आपापल्या खळ्यात.

वडील मुंबईला गिरणीत होते. म्हणजे दादाबरोबर मी, नाहीतर आई. आणि आईला खळ्यात उतरवायचं नव्हतं. आदल्या हिवाळ्यात भोरला डोळ्यांचं शिबिर भरलं होतं, तिथं तिच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढला होता. धुळीत, धुरात जायचं नाही असं तिथल्या डॉक्टरनं बजावलं होतं. डाव्या डोळ्यातही मोतीबिंदूचा सारा चढायला लागला होता. जाड भिंगाचा चष्मा लावून ती त्या नव्या डोळ्यानं सगळीकडं बघत हिंडायची. "आरं, तुला मिशा फुटल्या व्हय!" असं मला एकदा म्हणाली होती. मिशा येऊन मला कैक वर्षं झाली होती.

दादानं शुक्रवारीच सांगून ठेवलं होतं, "वारं नीट लागलं की घरी ये." मी म्हणालो, येतो.

शनिवारी वारं सुटलं ते पिसाटासारखं. ग्लायडरं दोरांनी बांधली, पंखांवर वाळूची पोती ठेवली. उडायची बातच नव्हती. सगळे पत्र्याच्या शेडमध्ये जमले. स्टोव्हला वाऱ्याचा आडोसा म्हणून चटई धरून चहा झाला. होळी नुकतीच झाली होती. आमच्यातल्या एका डॉक्टरांच्या बाईंनी पुरणपोळ्या आणल्या होत्या. मग पत्त्यांचा मेंढीकोट मांडला. मी डॉक्टरांचा भिडू.

"ड्रायव्हरसाहेब," डॉक्टर ओरडले, "हुकूम दाबून बसलात तुम्ही, आणि मेलो आम्ही!"

"थांबा हो डॉक्टर," मी म्हणालो, "तार एकदम वढली तर तुटती."

सगळे हसले. उडायला शिकवणारे साहेब, जे लष्करातनं निवृत्त झालेले आणि सहसा न हसणारे, तेही हसले. मी बोललो आणि असली माणसं हसली, की मला चार दिवस पुरायचं.

दिवस कलायला लागला तेव्हा दादा आला. शेतातनं चालत आला होता, डोक्यापासून पायापर्यंत धुळीनं भरलेला. दारात उभा राहिला. बाई म्हणाल्या, "अहो, आत या ना. चहा घ्या."

"नगं बाई, पायाला माती हाय." मग मला म्हणाला, "आज वारं येडं हाय. उद्या सरळ लागंल. वावडी मांडून ठिवलीया. येतूस न्हवं?"

माझ्या हातात पत्ते होते. "उद्या हितं उडायचं हाय, दादा. इंच कोन चालवंल?"

"येवढ्या मानसांत येकबी न्हाई?"

"तुला इंच म्हंजी मोट वाटली का काय?"

हे मी जरा मोठ्यानं म्हणालो, लोकांना ऐकू जाईल असं. कुणीतरी हसलं. दादानं हसणाऱ्याकडं पाहिलं नाही, माझ्याकडंच बघत राहिला.

"मी येकला वावडीवर उभा ऱ्हायलो तर आई पाटी द्यायला येनार. बांधून घातली तरी येनार. तुला ठावं हाय ती."

"दुपारपतोर येतो."

"नक्की?"

"येतो म्हनलं न्हवं!"

तो गेला. मी पान टाकलं आणि तो डाव आम्ही जिंकलो. हेही आठवतं, याची लाज वाटते.

रविवारी वारं असं लागलं की सांगता येत नाही. एका सरळ रेषेत, न थांबता. ग्लायडरं एकामागनं एक वर चालली. झेंडा, रेस, तार; पुन्हा झेंडा, रेस, तार. उन्हं डोक्यावर आली तेव्हा मला घरची आठवण झाली. एवढं एक झालं की निघू, असं दर वेळी म्हणायचो. कुणाला विचारलंही नाही. विचारलं असतं तर ते जा म्हणाले असते, आणि मग जावं लागलं असतं.

तेवढ्यात साहेब विंचजवळ आले. "चल," म्हणाले. "वर्षभर सगळ्यांना वर पाठवलंस. आजचं वारं पुन्हा मिळायचं नाही. आज तू माझ्याबरोबर."

"आन् इंच?"

"डॉक्टर चालवतील. तूच तर शिकवलंयस त्यांना."

खरंच मीच शिकवलं होतं. म्हणजे विंचला दुसरा माणूस होता. काल दादाला, चार लोकांत त्याला हसून, जे सांगितलं ते खोटं होतं. हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. कळलं, आणि मी ग्लायडरमध्ये बसून पट्टा आवळून घेतला.

मी पुढं, साहेब मागं. तार ताणली, पाठ खुर्चीला चिकटली, समोर नुसतं आभाळ. मग खट्ट करून तार सुटली आणि एकदम शांत झालं. इंजिनाच्या आवाजात आयुष्य गेलेला माणूस मी. इतकं शांत काही असतं हे मला माहीत नव्हतं. पंखावरनं वारं तेवढं सुस्कारत होतं. डोंगराच्या अंगानं वारं वर चढत होतं आणि आम्हाला उचलून धरत होतं. लांब राजगड दिसला. वेल्ह्याकडं जाणारा रस्ता दिसला, त्यावर एक एसटी धूळ उडवत चालली होती. ट्रकमधनं मी तो रस्ता कितीदा पाहिला होता. वरनं तो शेतात कुणी विसरलेल्या कासऱ्यासारखा पडला होता.

साहेबांनी विचारलं, "तुझं गाव बघायचं?"

गावाच्या भोवतीनं खळीच खळी. प्रत्येक खळ्यातनं भुसाचं पिवळं शेपूट उगवतीकडं उडालेलं. आमचं खळं मी बांधावरच्या जांभळीवरनं ओळखलं. वावडीवर दादा. आणि खाली हिरवं लुगडं.

आईला हिरव्याशिवाय दुसरा रंग चालत नसे. ती वाकत होती, उठत होती, पाटी वर करत होती. पाटी देणाऱ्यानं वारं येतं त्या अंगाला उभं राहायचं असतं, म्हणजे भूस पलीकडं उडून जातं. ती भुसाच्या अंगाला उभी होती. ज्वारीचा ढीग त्या बाजूला राहिला होता, म्हणून. ढीग ओढून अलीकडं घ्यायचं काम दर वर्षी माझं असायचं. मधेच ती दिसेनाशी व्हायची, पुन्हा दिसायची.

मागनं साहेब म्हणाले, "काय, उतरायचं? की आणखी एक फेरा?"

उतरलो असतो तर धावत घरी पोचायला किती वेळ लागला असता, हे मी तेव्हापासून पुष्कळदा मोजलंय. मोजून उपयोग नाही. मी म्हणालो, "आनखी एक."

घरी गेलो तेव्हा दिवस मावळला होता. उफणणी उरकली होती. आई उंबऱ्यावर बसली होती, चष्मा मांडीवर, उजव्या डोळ्यावर पदराचा ओला बोळा. घामानं चष्मा सारखा घसरायचा म्हणून तिनं तो खळ्यात काढूनच ठेवला होता.

"कायतरी गेलंय," ती म्हणाली. "निघंल सकाळपतोर. तू कुठं व्हतास?"

आणि मला गप्प बसता आलं नाही. इमानात बसलो म्हणालो, गाव बघितला, राजगड बघितला, सगळं सांगितलं. अंगात अजून ते वारं भरलेलं होतं.

"मी दिसले का रं वरनं?"

"दिसलीस की. हिरवं लुगडं."

ती हरखून गेली. दादा पाय धूत होता. तो म्हणाला, "वरनं दिसली व्हय? बरं झालं. हितं खाली भुसात आमी दोघं येकमेकांस्नी दिसत नव्हतो."

दुसऱ्या दिवशी डोळा लाल झाला. गावातल्या म्हातारीनं दूध घातलं, मग कसला तरी पाला. दादा म्हणाला, "तुझ्या त्या माळावर डाक्टर हाय न्हवं? पुन्याला जाऊन त्याला सांग." मी म्हणालो, घरच्या गोष्टींसाठी मी त्या लोकांपुढं उभा राहणार नाही. दुखणं साधं आहे, जाईल. खरं कारण वेगळं होतं. त्यांच्यात मी ड्रायव्हरसाहेब होतो. डॉक्टरांच्या दवाखान्यात बाकावर बसलेला गावंढळ मला व्हायचं नव्हतं.

पुढच्या शनिवारी मी न राहवून डॉक्टरांना बोललो. ते उडायचं सोडून तसेच जीप घेऊन घरी आले. बॅटरी लावून बराच वेळ डोळा बघितला. मग मला अंगणात नेलं.

"कधी झालं हे?"

"गेल्या आयतवारी."

"गेल्या रविवारी आपण दिवसभर एकत्र होतो! सोमवारी आणलं असतंस तर..." स्वतः जीपमधनं आईला पुण्याला घेऊन गेले. औषधं झाली, पण बुबुळावर फूल पडायचं ते पडलं. उजवा डोळा गेला. पुढं डाव्याचं ऑपरेशन करून त्यानं तिला जेमतेम दिसायला लागलं. तेव्हापासून कुणाकडं बघायचं झालं की ती कोंबडीसारखी मान वाकडी करायची.

मी माळावरचं काम सोडलं नाही. कुणाला वाटेल सोडायला हवं होतं. साहेबांनी पुढं कितीदा बोलावलं, ग्लायडरमध्ये मात्र पुन्हा बसलो नाही. त्यानं कुणाचं काही भलं झालं नाही, हे मला कळतं.

दादा त्या बाबतीत मला कधी काही बोलला नाही. आईचं उलटंच. विहिरीवर, लग्नात, वाटेवर कुणी भेटलं की हेच. "माझ्या धाकट्यानं मला आभाळातनं बघितली. येवढ्या गावात मला वळखली." बाया माझ्याकडं कौतुकानं बघायच्या. मी तिथनं उठून जायचो. तिला वाटायचं, पोरगं लाजतंय.

बऱ्याच वर्षांनी, असाच फाल्गुन. दादा वावडीवर, मी खाली पाट्या देत होतो. ढीग आधीच ओढून घेतला होता. आई जांभळीखाली, वाऱ्याच्या आडोशाला बसली होती, आणि शेजारणीला पुन्हा तेच सांगत होती. शेजारीण उठून गेली. मला आता राहवेना.

मी जवळ गेलो. "आई, म्या तुला बघितल्यावर सायबांनी उतरायचं का म्हनून इचारलं. म्या म्हनलं, आनखी येक फेरा."

तिनं मान वाकडी करून डाव्या डोळ्यानं माझ्याकडं बघितलं.

"मंग काय झालं?" ती म्हणाली. "पयल्या फेऱ्याला मी धड दिसले नसंन. म्हनून फिरला असशील."

मला नाही म्हणायचं होतं. त्याचसाठी तर मी तिच्याजवळ गेलो होतो.

"व्हय," मी म्हणालो.

वावडीवर दादानं सगळं ऐकलं होतं. भरलेली पाटी हातात तशीच धरून तो माझ्याकडं बघत राहिला. मग तोंड फिरवलं आणि वाऱ्यात ओतायला लागला.