बेलग्रेडच्या मास्तरांचं तिकीट

माझे वडील शाळामास्तर. निवृत्तीनंतर रत्नागिरीजवळच्या घरी त्यांना एकच नाद होता, पोस्टाची तिकिटं जमवायचा. मुलगा बहरीनला, म्हणजे त्यांच्या अल्बममध्ये बहरीनची पानंच्या पानं भरायला हवी होती. तिकीट एकही नव्हतं. नव्वदच्या दशकात आम्ही मंडळी पत्रं तिथून टाकतच नसू. कोणी सुट्टीवर निघालं की त्याच्या बॅगेत गठ्ठा कोंबायचा. तो मुंबईत उतरून, भारतातली तिकिटं लावून पेटीत टाकणार. माझ्यासारख्या आळशाची छान सोय. "एखादं तिकडूनच टाक की रे," वडील फोनवर म्हणत. "पुढचं नक्की, बाबा," म्हणून मी वेळ मारून नेई.

बहरीनमधल्या जुफैर भागातल्या ऑफिसात माझ्या शेजारी बेलग्रेडचा एक इंजिनिअर बसे. तिकडे युद्ध पेटलेलं. घरचं पत्र आलं की तो ते न फोडता बराच वेळ नुसतं हातात धरून ठेवी. वडील तिकिटं जमवतात, शाळेच्या गॅदरिंगसाठी दरवर्षी नाटक लिहीत, असं मी एकदा सहज बोललो. त्यानं ड्रॉवरमधून आईचं पाकीट काढलं, कात्रीनं तिकीट कापलं आणि माझ्यापुढे ठेवलं. त्यावर कोणा जुन्या माणसाचा चेहरा होता.

"अवर टीचर. ही ऑल्सो रोट प्लेज, ड्रामा. गिव्ह इट टु युअर फादर."

त्याच्या आईच्या पाकिटाला पडलेलं भोक बघून मला कसंसंच झालं. तरी तिकीट घेतलं, आणि तेही मुंबईला निघालेल्या एकाच्या हातीच पाठवलं. सवय कुठे जाते!

पुढच्या सुट्टीत घरी गेलो, तेव्हा वडील शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांना अल्बम दाखवत होते. त्या परक्या मास्तरांना त्यांनी अख्खं पान दिलं होतं. खाली सुवाच्य अक्षरात, 'शिक्षक व नाटककार'.

"वा! आणि बहरीनचं कुठाय, गुरुजी? चिरंजीव तिकडेच ना?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वडिलांनी शांतपणे पान उलटलं.

"याच्या ऑफिसपासून पोस्ट फार लांब आहे हो. त्या उन्हात कुठे वणवण करणार तो?"

असं मी त्यांना कधीच सांगितलं नव्हतं. हेडमास्तर माझ्याकडे बघायला लागले.

"हो, लांबच आहे," मी म्हणालो.

पोस्ट आमच्या ऑफिसच्या समोर होतं, रस्ता ओलांडला की.